न्यूटलचाचा

कुठल्याही गाडीला हात लावायच्या आधी चाचा तिचा गियरचा दांडा तीनदा डावी-उजवीकडं हलवून बघायचे. गाडी बिघडलेली असो, नुसती धुवायला उभी केलेली असो, की चाकं काढून विटांवर ठेवलेली असो. एकदा मी आणि ते एकाच एस.टी.नं जालन्याहून येत होतो. गाडी चहाला थांबली, ड्रायव्हर उतरला, तसे चाचा उठले आणि पुढं वाकून दांडा हलवून आले. ड्रायव्हरनं ते बघितलं आणि सगळ्या प्रवाशांदेखत त्यांना शिव्या घातल्या. चाचांनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि जागेवर बसता बसता मला म्हणाले, "गियर में डालके उतर्‍या था बाई. आता बोला."

"न्यूटल में है क्या?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सलाम, खुशाली, पाणी, सगळं नंतर. न्यूट्रल हा शब्द त्यांच्या जिभेवर असाच बसला होता. त्यामुळं क्रांती चौकाच्या अलीकडं पत्र्याच्या टपरीत काम करणारे अमीन मिस्त्री सगळ्यांचे न्यूटलचाचा झाले. टपरीवर येणारे ट्रकवाले त्यांची नक्कल करायचे. मीही केलेली आहे, घरी, वहिनीला हसवायला.

चाचा आमच्याकडं आले ते ट्रॅक्टरबरोबर. पोलीस ॲक्शननंतर आमच्या शेंद्र्याच्या बाजूचा एक जहागीरदार सगळं विकून हैदराबादला निघून गेला. त्याचा राखाडी विलायती ट्रॅक्टर माझ्या वडिलांनी घेतला. चाचा त्या जहागीरदाराचे ड्रायव्हर, मिस्त्री, सगळंच होते. मालकानं त्यांना बरोबर चला म्हणून सांगितलं होतं. ते गेले नाहीत. कारण विचारलं की म्हणायचे, "मशीन इदरच है, मैं जाके क्या करूं?" त्यांनी मुकुंदवाडीत घर केलं, चौकात टपरी टाकली आणि दर महिना-दीड महिन्यानं सायकलवर आमच्या गावाला येऊन ट्रॅक्टर बघून जायला लागले. वडील वारले, ट्रॅक्टर माझ्या थोरल्या भावाकडं, दादाकडं आला, तरी त्यांच्या खेपा चुकल्या नाहीत. पण वीस-बावीस वर्षांत ते त्या ट्रॅक्टरच्या सीटवर कधी बसले नाहीत. उभ्यानं सगळं करायचे आणि चालवून बघायचं झालं की दादाला हाक मारायचे. जहागीरदाराचा ड्रायव्हर ट्रॅक्टर का चालवत नाही, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

काम सुरू करताना ते आधी बॅटरीची तार काढायचे. "पहले जान निकालो," म्हणायचे. "जित्या जनावराच्या पोटात हात घालतं का कुणी?" तार काढून ती फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवायची, मगच पाना हातात. आणि एका शब्दाचा त्यांना भयंकर राग होता. तो शब्द म्हणजे 'डायरेक्ट'. गाडीचं एखादं बटण किंवा स्विच बिघडला की मिस्त्री लोक मधला स्विच काढून टाकतात आणि तारेला तार लावून देतात, त्याला डायरेक्ट करणं म्हणतात. सगळेच करतात. एखादं गिऱ्हाईक टपरीवर येऊन "डायरेक्ट मारून द्या चाचा" म्हणालं, तर हे मऊ बोलणारे गृहस्थ हातातला पाना खाली टाकून म्हणायचे, "दुसरा मिस्त्री बघा."

आमच्या ट्रॅक्टरला सुरू करायचं वेगळं बटण नव्हतं. गियरचा दांडाच एका कोपऱ्यात ढकलावा लागे. तिथं दांड्याखाली स्टार्टरचा स्विच बसवलेला होता. दांडा त्या कोपऱ्यात गेला म्हणजे कुठलाच गियर पडलेला नसणार, म्हणजे सुरू होताना ट्रॅक्टर जागचा हलणार नाही. ज्यानं कुणी ही सोय केली, त्याला चाचा दुवा द्यायचे. "बनानेवाल्याला लेकरंबाळं असतील," म्हणायचे.

तो स्विच जळाला, आणि जळाला तोही दुष्काळाच्या वर्षी.

त्या वर्षी आमच्या गावातल्या सगळ्या विहिरी तळाला गेल्या. बैल छावणीत पाठवले होते. सरकारी टँकर यायचा, पण आठवड्यातून एकदा. पाणी होतं ते अडीच कोसांवरच्या एका विहिरीला, आणि ते आणायला होता आमचा ट्रॅक्टर. दादानं ट्रॉलीवर लोखंडी टाकी बांधून घेतली होती. सकाळी एक खेप, दुपारी एक. गाव आणि दोन वस्त्या त्या दोन खेपांवर जगत होत्या. मी तेव्हा औरंगाबादेत शाळेत शिकवत होते आणि गुलमंडीला खोली घेऊन राहत होते. शनिवारी दुपारी गावी जायचे, तेव्हा टाकीभोवतीची रांग बघवत नसे. बाया बोलायच्यासुद्धा नाहीत, घसा कोरडा पडतो म्हणून.

दादाचा निरोप आला तसे चाचा त्याच दिवशी सायकल मारत गेले. त्यांनी दांड्याजवळचं झाकण उघडून स्विच बाहेर काढला. आतल्या तांब्याच्या पट्ट्या जळून काळ्या पडल्या होत्या आणि एक तर वितळून तुटली होती. त्यांनी वहिनीकडून एक फुटका तांब्या मागून घेतला, त्याच्या पट्ट्या कापल्या, कानशीनं घासून बसवल्या. ट्रॅक्टर सुरू झाला. दोन दिवसांनी आतल्या स्प्रिंगनं दम सोडला आणि पुन्हा बंद. हँडल मारून सुरू करावा तर हँडलचे दात कधीच झिजून गेलेले.

"उतारावर उभा ठेवत जा," चाचांनी दादाला सांगितलं. "चाकाला दगड लाव. ढकलून सुरू कर. आणि एकदा सुरू झाला की बंद करूच नको. मी स्विच आणतो."

पण स्विच कुठंच नव्हता. तो ट्रॅक्टर बनायचा बंद होऊनही वर्षं झाली होती. चाचांनी शहरातली भंगाराची एकूणएक दुकानं पालथी घातली. जालन्याला जाऊन आले. इकडं गावात दहा-बारा माणसं रोज ट्रॅक्टर ढकलत होती, आणि त्या माणसांच्या अंगात ताकद राहिली नव्हती. एक म्हातारा ढकलता ढकलता कोसळला. तिसऱ्या दिवशी दादाचा निरोप घेऊन मीच टपरीवर गेले.

"चाचा, दादा म्हणतो, तेवढं डायरेक्ट करून द्या. पाऊस पडेपर्यंत."

चाचा फडक्यानं हात पुसत राहिले.

"लोक मरतील चाचा," मी म्हणाले. मला रडू येत होतं. "तुम्ही बघितलंय ना गाव?"

"बघितलं बाई."

"मग?"

चाचांनी स्टूल पुढं सरकवलं. मी बसले. ते समोर उकिडवे बसले आणि जमिनीकडं बघत त्यांनी सांगितलं. ट्रॅक्टर जहागीरदाराकडं आला त्याच्या दुसऱ्याच वर्षी हाच स्विच जळाला होता. पेरणीचे दिवस होते. नवा स्विच मुंबईहून यायचा होता. मालक म्हणाला, डायरेक्ट कर. चाचांनी दोन जाड तारांची टोकं मोकळी ठेवली. त्यावर पाना आडवा टेकवला की स्टार्टर फिरायचा. पाना टेकवायला माणसाला खाली, मोठ्या चाकापुढं उभं राहावं लागायचं. चाचांचा धाकटा भाऊ युसूफ हाताखाली होता. एका सकाळी त्यानं पाना टेकवला. ट्रॅक्टर गियरमध्ये होता.

"मीच उभा केला होता रात्री," चाचा म्हणाले. "गियर में डालके उतर्‍या था."

मी विचारलं, "हाच ट्रॅक्टर?"

"हौ. हाच."

"आणि तुम्ही त्यालाच सांभाळत आलात?"

"दुसरा मिस्त्री आला असता तर त्यानं स्विच काढून फेकला असता बाई. एक दिन नक्की." मग ते उठले. "हैदराबादला जातो. मालकाच्या वेळचे दुकानवाले आहेत तिकडं. चार दिवस. दादाला बोला, फक्त चार दिवस. आणि ये बात उसकू नक्को बोलो. रोज त्याच सीटवर बसतो तो."

मी दादाला फक्त चार दिवसांचा निरोप कळवला. बाकीचं सांगितलं नाही. चाचांना शब्द दिला होता. ही गोष्ट मी पन्नास वर्षं मनात घोळवत आले आहे, आणि अजूनही मला कळत नाही की त्या दिवशी मी शब्द पाळला की गुन्हा केला.

चार दिवस गेले. पाचवा गेला. सहाव्या दिवशी रविवार होता आणि मी गावी होते. ट्रॅक्टर पाण्याच्या विहिरीजवळच्या चढावर बंद पडून उभा होता. टाकी भरलेली. भरल्या टाकीसकट तो ढकलायचा तर वीस माणसं लागली असती, आणि होते सहा. बाकी सगळ्या बायका, त्या विहिरीच्या वस्तीवरच्या, आपापल्या घागरी घेऊन आलेल्या. टळटळीत ऊन होतं. गावाकडं लोक वाट बघत बसले होते. दादा खाली उतरला.

"नाय होत आता," तो म्हणाला. "लई झालं. चार दिवस म्हणले, आज सहावा."

त्यानं ट्रॉलीतून मोठा पाना काढला आणि स्विचच्या मोकळ्या तारांवर टेकवायला चाकापुढं वाकला. मी विहिरीच्या काठावर होते. मी "दादा!" म्हणून ओरडले. नुसतं "दादा!" पुढचे शब्द तोंडातून बाहेर पडायला हवे होते, ते पडले नाहीत. भोवती दगड मिळाला नव्हता, म्हणून ट्रॅक्टर मागं घसरू नये यासाठी त्यानंच मघाशी पहिला गियर टाकून ठेवला होता, आणि घाईत तो ते विसरला होता. ठिणगी उडालेली मी बघितली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. मोठं चाक दादाच्या डाव्या पायावरून गेलं, ट्रॅक्टर तसाच पुढं बाभळीवर जाऊन आदळला आणि बंद पडला. टाकी कलंडली. सगळं पाणी उतारावरून वाहून गेलं आणि एक बाई, वेड लागल्यासारखी, ओंजळीनं चिखल घागरीत भरत होती.

एका खडीच्या ट्रकमध्ये घालून आम्ही दादाला दवाखान्यात आणलं. संध्याकाळी त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

मी व्हरांड्यात बसले होते. चाचा लगबगीनं आत आले. हैदराबादच्या गाडीतून उतरून ते थेट माझ्या खोलीवर गेले होते आणि मी निरोप धाडला होता त्या घरमालकिणीनं फक्त 'दवाखान्यात गेल्यात' एवढंच सांगितलं होतं. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा होता. "मिल्या बाई, मिल्या," ते लांबूनच म्हणाले. मग त्यांनी माझं रक्तानं माखलेलं लुगडं बघितलं.

मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "एक तार जोडून द्यायला काय झालं होतं तुम्हाला?"

युसूफची गोष्ट मला ठाऊक असताना मी हे म्हणाले. चाचा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. पुडा त्यांनी मांडीवर धरला होता. ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "एकदा हौ बोल्या, भाई गया. एकदा नक्को बोल्या..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही त्यांच्याजवळ बसले नाही. उलट उठून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले.

सकाळी वहिनी बाहेर आली. रात्रभर ती दादाच्या उशाशी होती. चाचा तिथंच, त्याच भिंतीशी. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही काय बोलते. ती म्हणाली, "चाचा, गावात कालपासून थेंब नाय. पाणी कोण आणायचं?"

चाचा उठले.

मी त्यांच्याबरोबर गेले. बाभळीत तोंड खुपसून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरपाशी ते क्षणभर थांबले. मग दांडा हलवला, तीनदा, आणि बॅटरीची तार काढली. पाना नटावर बसेना. मी त्यांचं मनगट धरलं तेव्हा तो बसला. त्यांनी जाड तारांची टोकं पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली, नवा स्विच दांड्याखाली बसवला, बोल्ट आवळले. मग एकेक गियर टाकून कुठल्याच गियरमध्ये ट्रॅक्टर सुरू होत नाही हे तपासलं. पहिला. दुसरा. तिसरा. मागचा. प्रत्येक वेळी ते मला म्हणत होते, "देखो बाई. नहीं होता. देखो." मी बघत होते. सगळं खूप सोपं होतं. पाऊण तासाचं काम.

शेवटी दांडा त्या कोपऱ्यात ढकलला आणि इंजिन सुरू झालं. चाचा सीटवर चढून बसले. आम्ही ओळखत होतो तेव्हापासून पहिल्यांदा. मोठ्यानं रडत होते, पण इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नसेल. टाकी भरून घेतली आणि ते गावाकडं निघाले.

पाऊस येईपर्यंत दोन महिने चाचांनी पाणी वाहिलं. टपरी बंद. आमच्या ओसरीवर झोपायचे, वहिनी वाढेल ते खायचे, शुक्रवारी दुपारची खेप उशिरा करायचे, एवढीच सवलत. गावातले काही लोक त्यांच्याशी बोलत नसत. दोघा-तिघांनी तोंडावर सांगितलं, तुमच्या हट्टापायी पोरगा लंगडा झाला. चाचांनी कुणालाही युसूफबद्दल सांगितलं नाही. "हौ," म्हणायचे आणि नळीनं घागर भरून द्यायचे.

दादा घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. भिंतीकडं तोंड करून पडायचा. ट्रॅक्टरचा आवाज आला की कान झाकून घ्यायचा. वहिनीनं विहिरीचा दोर आणि विळा लपवून ठेवलेले मी पाहिले. तिनं मला कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पाऊस पडला, चाचा परत टपरीवर गेले, पण दर शुक्रवारी नमाज झाली की सायकलवर यायचे आणि दादाच्या खाटेजवळ जमिनीवर बसून राहायचे. दादा वळायचा नाही. तासाभरानं चाचा उठायचे. असं सात-आठ महिने चाललं. एखाद्या माणसानं दुसऱ्याच्या पाठीकडं इतका वेळ बघत बसलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग एका शुक्रवारी ते लोखंडाची एक लांब कांब सायकलला बांधून घेऊन आले. वर लाकडी मूठ, खाली कडी. दादाला काही न सांगता त्यांनी ती ट्रॅक्टरच्या क्लचला जोडली. डावा पाय नसला तरी डाव्या हातानं मूठ ओढून क्लच दाबता येईल, अशी ती सोय होती. पहिली कांब वाकली. दुसरी लांब पडली. चौथी बरोबर बसली. त्या दिवशी ते खाटेजवळ आले आणि दादाच्या पाठीला म्हणाले, "दत्तू, एक बात सांगायची राहिली." आणि त्यांनी युसूफचं सगळं सांगितलं.

दादा वळला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

"काहून सांगितलं नाय चाचा?"

"मालूम होता तर तू बसला असतास का त्या सीटवर?"

दादा म्हणाला, "बसलो असतो. पण दांडा हलवून बसलो असतो."

चाचांनी मान हलवली. "हौ. तेवढंच चुकलं माझं." मी दाराशी उभी होते. मला म्हणायचं होतं, माझंही. ते मी दादाला पुढं चार वर्षांनी सांगितलं. तो म्हणाला, "चाचा मला तवाच बोल्ले होते. बाईनं शब्द पाळला, तिला दोष देऊ नको म्हणले."

दादा पुन्हा ट्रॅक्टरवर बसला. कुबडी ट्रॉलीत टाकायचा आणि मूठ ओढून निघायचा. त्याचं दुःख गेलं असं नाही. रात्री पाय ठणकतो म्हणायचा, नसलेला पाय. पण वहिनीनं विळा परत चुलीशेजारी ठेवला.

चाचा गेले ते पुढं बऱ्याच वर्षांनी, हिवाळ्यात. दम्यानं आधीच वाळून गेले होते, टपरी जावयानं घेतली होती. निरोप आमच्या गावाला पोचेपर्यंत उशीर झाला. दादानं ट्रॅक्टर काढला, मला आणि वहिनीला मागं बसवलं आणि तसाच कब्रस्तानापर्यंत नेला. आम्ही दोघी बाहेर थांबलो. फाटकातून आत दिसत होतं. बहुतेक लोक पांगले होते, जावई आणि दोघं-तिघं उरले होते. दादा कुबडीवर आत गेला आणि त्यानं जावयाला विचारलं, "माती द्यायची हाय मला. चालंल का?"

जावई म्हणाला, "तुमचीच वाट बघत होतो भाऊ. थोडी ठेवली आहे."

एका पायावर दादाला वाकता येईना. जावई माती उचलून त्याच्या हातात द्यायला पुढं झाला, तर दादानं नाही म्हटलं. कुबडी बाजूला टाकली, दोन्ही हात टेकत जमिनीवर बसला, सरकत सरकत कबरीच्या कडेला गेला, आणि तीन मुठी माती दिली. मग बराच वेळ तो तिथंच बसून राहिला, हात मातीवर ठेवून. कुणी त्याला उठवायला गेलं नाही.